बारा नेते आणि एक सतरंजी

कॅम्पस प्लेसमेंटचा हंगाम आला की पुण्यातली इंजिनिअरिंगची मुलं बुटांना पॉलिश करू लागतात. टाय वर्गात एकच असतो. तो दिवसभर गळ्यागळ्यांतून फिरतो आणि कंपनीच्या साहेबांना वाटतं, अख्ख्या बॅचची आवड किती जुळते!

तयारी सुरू होते अप्पा बळवंत चौकात. तिथून आर. एस. अगरवालांचं जाडजूड पुस्तक जुन्या भावात येतं आणि आगगाडीला पूल ओलांडायला किती सेकंद लागतील, याची घोकंपट्टी होते. हाच उमेदवार पुढे वाकडहून हिंजवडीला किती वेळात पोचेल, हे गणित मात्र अगरवालांनीही ऑप्शनला टाकलंय.

मग येतं ग्रुप डिस्कशन. क्लासवाल्यांनी सांगितलेलं असतं, सुरुवात करणाऱ्याला जास्त गुण. म्हणून बाराही जण एकदम सुरुवात करतात. समारोप करणाऱ्यालाही गुण, म्हणून बाराही जण समारोप करतात. मधला विषय कुणाच्याच वाट्याला येत नाही. मुलं याला ‘मासळीबाजार’ म्हणतात, पण बाजारात निदान समोरच्याचा भाव तरी ऐकून घेतात. कोपऱ्यात एक जण गप्प असतो. बहुधा मराठी माध्यमाचा. सगळ्या ग्रुपचं प्रोजेक्ट त्यानेच केलेलं. ‘शांत सदस्याला बोलतं करा, संघभावनेचे गुण मिळतात,’ हेही क्लासात शिकवलेलं असल्याने पाच जण एकाच वेळी त्याला संधी देऊ लागतात. त्या गलक्यात त्याची संधी जाते.

गटात घालून, कामाला लावून माणूस पारखायची ही रीत मुळात लष्करातली. दुसऱ्या महायुद्धात चांगले अधिकारी निवडण्यासाठी ब्रिटिशांनी १९४२ मध्ये निवड मंडळं काढली; १९४३ मध्ये ती भारतातही आली. या मंडळांत, म्हणजे एसएसबीत, आजही पाच दिवस चाचण्या चालतात. साठ शब्द, प्रत्येकावर वाक्य लिहायला पंधरा सेकंद. गोष्ट रचायला बारा चित्रं, त्यातलं शेवटचं कोरं. मैदानावर फळ्या, दोर आणि अडथळे. एवढ्या घाईत माणसाला खोटं बोलायला सवड मिळू नये, हा हिशेब. १९५६ मध्ये अमेरिकेत एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने अशा चाचण्या आपल्या व्यवस्थापकांना लावल्या आणि कॉर्पोरेट जगाला हा नाद लागला. आपण त्यात मोलाची भर घातली: पंधरा सेकंदांत खोटं बोलायला शिकवणारे क्लास काढले. आता कोरं चित्र दिसताच पोहता न येणारा पोरगाही गोष्टीत बुडत्याला वाचवतो.

शेवटी एचआर विचारतात, ‘तुमच्यातला दोष सांगा.’ सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खं जर्नल दुसऱ्याचं उतरवलेला पोरगा छातीठोकपणे म्हणतो, ‘सर, मला परफेक्शनशिवाय चैन पडत नाही.’ सर मान डोलावतात. काही वर्षांपूर्वी त्यांनीही हेच सांगून नोकरी मिळवलेली असते.

अशा चाळणीतून निवडलेल्या नेत्याला ऑफर लेटर मिळतं. मग तो जॉइनिंगची वाट पाहतो, मग बेंचवर बसतो, मग एक्सेलच्या रकान्यांत आकडे भरतो. एके दिवशी क्लासात शिकवलेलं नेतृत्व आठवून तो स्वतःहून एक निर्णय घेतो. मॅनेजर विचारतो, ‘तुला कुणी सांगितलं होतं?’ सतरंजी उचलायला एक माणूस हवा होता, तर त्यासाठी बारा पुढारी तपासून झाले!

त्यापेक्षा कंपन्यांनी सरळ कामाचीच परीक्षा घ्यावी. उमेदवारांना बंद खोलीत बसवून तासभर एकच स्लाइड दाखवावी. डोळे उघडे ठेवून, मधूनमधून मान हलवत जो टिकेल, त्याला घ्यावं. हजेरी झाल्यावरही न पळणाऱ्याला बढती द्यावी. या परीक्षेला क्लास लावायची गरज नाही. चार वर्षं मागच्या बाकावर बसून मुलांचा सराव पुरा झालेला आहे.