चौथं पाणी

अण्णांच्या घरी पालेभाजी आली की ती थेट स्वयंपाकघरात जात नाही. आधी गॅलरीत तिची चौकशी होते. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यावर घरातलं एकही खातं रिकामं सापडेना, तेव्हा अण्णांनी भाज्या-फळं धुण्याचं नवीनच खातं काढलं आणि स्वतःची नेमणूक करून घेतली.

गॅलरीत पातेली ओळीनं मांडलेली असतात. एकात साधं पाणी, दुसऱ्यात मिठाचं कोमट, तिसऱ्यात खायचा सोडा. चौथं पाणी मनाच्या समाधानासाठी. फ्लॉवरच्या तुऱ्यातून अळी तरंगत वर आली की हाक येते, "अगं, लवकर ये!" आवाजात असा आनंद, की नातवाचं पहिलं पाऊल पडलं असावं.

सोड्यामागे अभ्यास आहे. 2017 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सफरचंदं सोड्याच्या पाण्यात 12 ते 15 मिनिटं ठेवली, तेव्हा सालीवरची औषधं निघून गेली. सालीच्या आत मुरलेलं मात्र निघालं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. ते वाक्य अण्णा वाचून दाखवत नाहीत. 2020 च्या टाळेबंदीत तर त्यांनी केळी साबणानं धुतली. फळं-भाज्यांना साबण लावू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानं सांगेपर्यंत घरातल्या शिकरणाला चंदनाचा वास लागलेला होता.

नाशिकच्या द्राक्षांवरचा पांढुरका थर ते अंगठ्यानं एकेका मण्यावरून घासून काढतात. मी म्हटलं, "अहो, ते द्राक्षाचंच मेण असतं, नैसर्गिक."

"असं म्हणणारच ते."

"कोण?"

"द्राक्षवाले."

काकू या खात्यात ढवळाढवळ करत नाहीत. अण्णा बाहेर गेले की त्या मेथी मोठ्या पातेल्यात बुडवून हलवतात, माती खाली बसू देतात आणि पानं दोन्ही हातांनी वरचेवर उचलून घेतात. संपलं. अण्णा मात्र अख्खं पातेलं चाळणीत उपडं करतात, म्हणजे तळाची माती पुन्हा भाजीच्या डोक्यावर. माझ्या मते पालेभाजी धुण्याचं सगळं मर्म त्या उचलण्यात आहे आणि तिथेच आमचे खातेप्रमुख नापास. कोबीही ते आधी चिरतात आणि मग धुतात. त्यातलं क जीवनसत्त्व मोरीत जातं, म्हणून अण्णा रोज गोळी घेतात. पाण्याबरोबर.

परवा मंडईत त्यांनी भाजीवाल्या मावशींना नेहमीप्रमाणे गाठलं. "फवारणी कधी झालीय हिच्यावर?"

"काय म्हाईत बा. पण रात्रभर पाऊस व्हता की. देवानंच धुतलीया."

अण्णांनी जुडी उलटीपालटी करून पाहिली.

"किती मिनिटं?"