चिठ्ठीत नाव निघालं!

पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडावी, असं महाराष्ट्राचा २०११चा शुल्क नियमन कायदा सांगतो. उत्तम. भिशीचा नंबरही असाच लागतो. फक्त भिशीत नाव निघालेल्याला पैसे मिळतात, इथे त्याने फीवाढीला मान डोलवायची. समोर मुख्याध्यापिका, आणि आपले चिरंजीव त्यांच्याच ताब्यात, सहावी ‘ब’मध्ये. अशा वेळी कोणता बाप ताळेबंद मागेल? तो दुसरं बिस्कीट घेतो.

नाही पटली फी, तर तक्रारीची सोय आहे की! फक्त नंतरच्या दुरुस्तीनुसार त्यासाठी २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. म्हणजे दोन हजार मुलांच्या शाळेत सुमारे पाचशे. ग्रुपवर अंगठे तेवढे सहज येतात. सही मागितली की सगळे गावाला गेलेले.

हाच २५चा आकडा शिक्षण हक्क कायद्यातही आहे. खासगी शाळांच्या प्रवेशवर्गात तेवढ्या जागा वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांना. जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट, असा नियम फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारने आणला. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलैत रद्दही केला. असल्या गोष्टींवर संघाची भूमिका विचारू नये. विषयपत्रिकेवर स्नेहसंमेलनाचे फेटे असतात. भगवे की गुलाबी, यावर मात्र पालक अजिबात मागे हटत नाहीत.