सही कुणाची?

माहूरच्या रेणुकामातेची कथा सगळ्यांना पाठ आहे. नदीवर पाण्याला गेलेल्या रेणुकेचं मन क्षणभर ढळलं. जमदग्नींनी निकाल दिला, परशुरामानं अमलात आणला. तिचं म्हणणं कुणी विचारलं नाही. त्या मानानं २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा भलताच पुढारलेला. तो विचारायला लावतो.

दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून आलेले मनाचे विकार या कायद्यात आजारच. बाईला तिच्या इच्छेविना भरती करायचं तर कलम ८९ आडवं येतं. दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ हवाच. मुदत जास्तीत जास्त तीस दिवस. आणि भरती पुरुषाची असेल तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत कळवायचं, बाईची असेल तर तीनच दिवसांत. बाईला डांबणं किती सोपं असतं, हे दिल्लीत कुणाला तरी ठाऊक होतं म्हणायचं!

घरचं कलम वेगळं. नवरा पितो तेव्हा संगत वाईट. बायकोनं उपास धरायचे, वर्षानुवर्षं वाट बघायची. बायको प्यायली की दुसऱ्या दिवशी गाडी दारात. देवीला जाऊन येऊ म्हणून बसवायचं, उतरवायचं व्यसनमुक्ती केंद्राच्या फाटकात. शेजारणीनं विचारलं तर माहेरी गेलीय. (मिश्री लावणाऱ्या सासूबाईंना कुणी गाडीत घालत नाही. तंबाखू असली तरी ती घरची.)

आणि न्यायचं कुठं? पुण्यात मुक्तांगण हे असं केंद्र १९८६ साली सुरू झालं. बायकांसाठीचं ‘निशिगंध’ २००९ साली. अनिता अवचटांसारख्या डॉक्टर बाईनं उभ्या केलेल्या संस्थेत ही तेवीस वर्षं गेली, बाकीच्यांचं काय बोलावं?

खरी गंमत कलम १४ मध्ये आहे. इच्छेविरुद्ध भरतीचा अर्ज करतो तो ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’. तो कोण, हे बाई स्वतः आधीच ठरवू शकते. स्टँप पेपर नको, वकील नको. साधा कागद, सही किंवा अंगठा. कागद नसेल तर पाळी नातेवाइकांची, म्हणजे बहुधा ज्यानं गाडी बोलावली त्याचीच.

नवऱ्याचंच नाव लिहा, असं कायद्यात कुठंही नाही. तेव्हा बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की कोरे कागद वाटा. फक्त जिचं नाव लिहाल तिला आधी विचारा. तिची संमती लागते. नवऱ्याची लागत नाही.