नव्या कंटेनरने न्हावा शेवात कसे वागावे

अभिनंदन. वीस फुटी असलास काय किंवा चाळीस फुटी काय, रुंदी सगळ्यांची आठच फूट. साडेनऊ फूट उंचीचे काही 'हाय क्यूब' भेटतील आणि तोरा दाखवतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. घराणं सर्वांचं एकच: १९५६ साली 'आयडियल एक्स' या जहाजातून नेवार्कहून ह्यूस्टनला गेलेले ५८ डबे.

आधी स्वतःचा नंबर पाठ कर. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीतला एक सुटा आकडा. हा सुटा आकडा आधीच्या दहांवरून गणिताने निघतो. त्यामुळे कारकुनाने तिनाचा आठ केला की संगणक बोंब मारतो. पोटात तांदूळ आहे की टायर, याची फिकीर कस्टमला. टर्मिनलला तुझं वजन हवं असतं. भरलेल्या डब्याचं वजन तपासून कळवल्याशिवाय जहाजावर चढवायचं नाही, असा जगभरचा नियम १ जुलै २०१६ पासून आहे.

जहाज धक्क्याला लागलं की कामगार लॅशिंगचे दांडे सोडतील. मग क्रेनचा स्प्रेडर खाली येईल, तुझ्या वरच्या चार कोपऱ्यांतल्या भोकांत चार लॉक घुसतील आणि नव्वद अंशांत फिरतील. घाबरू नकोस. खाली ट्रेलर उभाच असतो.

खरी परीक्षा यार्डात. तिथे डब्यावर डबा रचतात. वरच्यांचा भार कोपऱ्यांच्या खांबांवर येतो. छत म्हणजे नुसता पत्रा, तेव्हा उगाच छाती फुगवू नकोस. तू तळाला गेलास आणि तुझ्याच मालकाचे कागद सर्वांत आधी तयार झाले, तर आरटीजी क्रेनला वरचे चौघे उचलून बाजूला मांडावे लागतात. या उचलाउचलीचे पैसे कोणी आनंदाने देत नाही. तोवर तुला न्यायला आलेला ट्रेलरवाला रांगेत डुलक्या काढतो. टर्मिनलच्या वेगाचे आकडे मिनिटांत सांगतात. त्याला विचारलंस तर तो जेवणांत सांगेल, दोन झाली, तिसरं गेटबाहेर.

शेजारी रीफर, म्हणजे थंड डबा, आला तर जळू नकोस. त्याला विजेचा प्लग मिळतो, तापमान बघायला माणूस येतो. त्याच्या पोटात कोळंबी असते. तू मे महिन्यातलं उरणचं ऊन खा.

बाहेर पडताना सील शाबूत ठेव. पुढे बंदराबाहेरचं सीएफएस, म्हणजे कंटेनर रिकामे करायचं गोदाम, किंवा रेल्वेने थेट दिल्लीतलं तुघलकाबाद. मुदतीत हललास तर ठीक, नाहीतर दिवसागणिक भाडं चढतं आणि मालक तुझ्याकडे संशयाने बघायला लागतो.

रिकामा झालास की आतले खिळे, फळकुटं झाडून घ्यायला लाव आणि आधीच्या धोकादायक मालाचे स्टिकर खरवडायला सांग. डेपोतला तपासनीस दार उघडून आधी वास घेतो.