फॉनिक्सच्या मॅडम

पूर्वी सोसायटीत शिवणाच्या बाई असत, पेटीचे मास्तर असत, दहावीचं गणित घेणारे एक तिरसट सर असत. आता फॉनिक्सच्या मॅडम असतात. ठाण्यापासून कोथरूडपर्यंत कुठल्याही संकुलात जा, लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर गणपतीच्या वर्गणीच्या यादीखाली त्यांचा रंगीत कागद सापडेलच. वय पस्तिशीच्या आसपास, शिक्षण बीकॉम नाहीतर मायक्रोबायोलॉजी. पहिलं मूल नर्सरीत गेलं तेव्हा त्यांनी एक ऑनलाइन कोर्स केला आणि त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये सासऱ्यांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी लावलं. बंद करून घेतलेल्या गॅलरीत बुटकी टेबलं, लॅमिनेट केलेली कार्डं आणि प्रत्येक मुलाला एक छोटा आरसा. झाला क्लास.

मॅडमच्या राज्यात अक्षराचं नाव घ्यायचं नसतं. ए, बी, सी म्हणणं हे मागासलेपण. ‘ॲ, ब्, क्’ म्हणायचं, आणि तेही ‘ब’ला शेवटी ‘अ’ न चिकटवता. डेमो क्लासला आलेले आजोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आणि रेन अँड मार्टिनवर वाढलेले. ते कौतुकाने नातवाला ‘ए फॉर ॲपल’ म्हणतात. मॅडम ओठ मिटून हसतात. “आजोबा, तो शॉर्ट ए आहे.” चाळीस वर्षं सरकारी खात्यात इंग्रजीत टिपणं लिहिलेला माणूस त्या बुटक्या खुर्चीत आणखी बुटका होतो.

खरा सोहळा असतो तो मॅजिक ईचा. मॅडम ‘कॅप’चं कार्ड धरतात, ओढणीआडून एक सोनेरी ई काढतात आणि शब्दाच्या शेवटी टेकवतात. हा ई स्वतः तोंड उघडत नाही, पण पलीकडच्या स्वराला असा चिमटा काढतो की तो ओरडून स्वतःचं नाव सांगतो! कॅपचा केप होतो, किटचा काइट, हॉपचा होप, कटचा क्यूट. मुलं टाळ्या पिटतात. खरं सांगायचं तर दाराशी उभ्या राहिलेल्या माझ्यासारख्यालाही टाळी वाजवावीशी वाटते. तेवढ्यात एखादी शेंबडी चिमुरडी एच-ए-व्ही-ई वाचते, अगदी नियमाबरहुकूम: ‘हेव्ह’.

“तो ट्रिकी वर्ड आहे, बेटा.”

गिव्ह, लव्ह, कम, डन, वन हे सगळे ट्रिकी. मॅडमनी त्यांच्यासाठी लाल झाकणाचा वेगळा डबा ठेवलाय. वर्ष संपता संपता त्या डब्याचं झाकण लागेनासं होतं.

त्यात ‘हॅव्ह’चा काही दोष नाही. इंग्रजीत शब्दाचा शेवट नुसत्या व्हीवर करण्याची रीत नाही, म्हणून तिथे ई आणून बसवलेला. जादूबिदू काही नाही. आणि जादूचा म्हणतात तो ईसुद्धा जन्मतः मुका नव्हता. चौदाव्या शतकात, चॉसरच्या काळी, ‘नेम’ हा शब्द जवळपास आपल्या ‘नाम’सारखा उच्चारत आणि शेवटच्या ईचाही हलका आवाज करत. पुढे ईची वाचा गेली. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतले झाडून सगळे दीर्घ स्वर आपापल्या जागा सोडून हलले. येस्पर्सन या डॅनिश पंडिताने या पळापळीला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ असं भारदस्त नाव दिलं. कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला तो 1476 साली, म्हणजे ऐन पळापळीत. स्पेलिंगं छापून बसली, उच्चार पुढे निघून गेले. मॅडमचा ‘लाँग ए’ आज शॉर्ट एचा लांबवलेला भाऊ राहिलेलाच नाही, तो निराळाच स्वर आहे. मात्र हे त्यांच्यापुढे बोलण्यात अर्थ नसतो. “पेरेंट्सनी मुलांना कन्फ्यूज करू नये,” असं त्यांच्या ग्रुपवर दर सोमवारी येतं.

दोन स्वर जोडीने फिरायला निघाले की पहिल्याने बोलायचं, असाही एक नियम आहे. ‘बोट’ आणि ‘रेन’ तो पाळतात. ‘चीफ’मध्ये दुसराच बोलतो आणि ‘सेड’मध्ये भलताच कोणीतरी.

आरशांचा उपयोग ‘शिप’ आणि ‘शीप’साठी. दीर्घ ईला गाल ताणून हसायचं, ऱ्हस्वाला ओठ सैल सोडायचे. नातीला न्यायला आलेल्या आजीही हौसेने आरसा घेतात, पण त्यांचं जहाज काही केल्या ‘शीप’च राहतं. राहणारच. फूल, मूल, खीर, गरीब अशा शब्दांत शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ, हा नियम शासनाने 1962 साली मान्य केला, पण मराठी जिभेला तो कितीतरी आधीपासून पाठ आहे. प्रत्यय लागला की मात्र फुलाला, मुलाला, खिरीत. म्हणून आजींचं जहाज नुसतं उभं असताना ‘शीप’ असतं आणि माणसं बसतात ती ‘शिपात’. व्याकरण बिनचूक, मेंढीचा तेवढा पत्ता नाही. मॅडम कपाळाला हात लावतात. त्यांच्या स्वतःच्या जाहिरातीत ‘प्रवेश सुरु, मर्यादीत जागा’ असतं. एके ठिकाणी दीर्घ हवा तिथे ऱ्हस्व, दुसरीकडे ऱ्हस्व हवा तिथे दीर्घ. गोळाबेरीज जुळते.

इंग्लंडमध्ये 2012 पासून पहिलीच्या मुलांची एक वाचनचाचणी होते. 40 शब्द, त्यातले 20 मुद्दाम बनवलेले, निरर्थक. पाठांतर नको, अक्षरं जोडून वाचता यावं, हा हेतू. मॅडमनीही ती उचलली. हल्ली संध्याकाळी जिन्यात ‘झॉप’, ‘ग्लूक’ ऐकू येतं आणि आजोबा चष्मा लावून डिक्शनरी चाळत बसतात.

चेष्टा पुरे. चार-साडेचार वर्षांची ती पोरं बिस्किटाच्या पुड्यावरचं, बसवरचं, औषधाच्या बाटलीवरचं दिसेल ते वाचायला लागतात, आणि त्याचं श्रेय मॅडमचंच आहे. तुमच्या नातवंडाला पाठवायचं असेल तर खुशाल पाठवा. जूनची बॅच एप्रिलमध्येच भरते, तेव्हा नाव लवकर घाला. आणि ‘हॅव्ह’ तेवढं घरी पाठ करून घ्या.