शंभर मोहरांत धंदा बदलून मिळेल

“अजून क्लासच ठरत नाहीये,” मी वैतागून म्हटलं. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, “मॅथ्सचा तरी लावून टाका की!” तिला वाटलं, मुलाच्या बारावीचं चाललंय. मी ‘बॉल्डर्स गेट ३’ उघडून बसलो होतो.

२०२३ साली बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने काढलेल्या या कॉम्प्युटर गेममध्ये क्लास, म्हणजे पात्रांचे पेशे, बारा आणि टोळी चौघांची. दीड तासात माझ्या पात्राचं नाक ठरलं, केस ठरले. पोटापाण्याचं काही ठरेना.

विझार्ड, सॉर्सरर आणि वॉरलॉक, तिघंही जादूच करतात. पण विझार्ड पोथ्या घोकून शिकतो, सॉर्सररच्या ती रक्तातच असते आणि वॉरलॉकचा कुणा बड्या शक्तीशी करार झालेला असतो. थोडक्यात अभ्यास, घराणं आणि वशिला. त्यातही मंत्रांसाठी बुद्धी फक्त पहिल्याला लागते, बाकी दोघांचं छाप पाडण्यावर भागतं. नियम मुळात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे, अमेरिकेतले, पण ते लिहिणाऱ्याने आमचं ऑफिस पाहिलेलं असणार.

“बाबा, फायटर घे. सेफ असतो,” मुलगा म्हणाला. दहावीनंतर काकांनी कॉमर्सबद्दल मला हेच सांगितलं होतं आणि मी ऐकलंही होतं. म्हणून या वेळी हट्टाने पॅलाडिन घेतला. शपथेला जागणारा, सज्जन.

तिसऱ्या दिवशी माउस घसरला, एका निरपराध माणसावर वार झाला आणि शपथ मोडली. लगेच तळावर चिलखतातला एक गंभीर गृहस्थ हजर! शपथ परत हवी तर हजार मोहरा म्हणाला. तिथेच विदर्स नावाचा, थडग्यातून उठून आलेला म्हातारा शंभर मोहरांत अख्खा क्लास बदलून देतो. प्रायश्चित्ताला हजार, धंदा बदलायला शंभर. मी बार्ड झालो.

बार्डने टोमणा मारला की समोरचा खरोखर जखमी होतो. मात्र सुरुवातीला चार बाजूंच्या एकाच फाशाइतका. आमची आत्या बिनफाशाची याहून जास्त लागायची.

एका रात्री बायको शेजारी येऊन बसली. “ही बाई कोण? सारखी तुम्हालाच मलमपट्टी करतेय.”

“शॅडोहार्ट. क्लेरिक आहे.”

“तिला कुणी विचारलं होतं?”

मी बोलून गेलो की विदर्स सोबत्यांचेही क्लास बदलतो. तिने माउस घेतला, शंभर मोहरा मोजल्या आणि शॅडोहार्टला बार्बेरियन केलं. आता ती संतापली की तिला मंत्र म्हणताच येत नाहीत. कुऱ्हाड तेवढी चालवते, आणि फार छान चालवते.

“अगं, पण जखमा कोण बघणार?”

“म्हाताऱ्याकडे शंभर मोहरा घेऊन जा,” ती उठत म्हणाली, “आणि जाता जाता कुकरचा गॅस बंद करा.”