ग्रॅम वाचवणारे, किलो वाहणारे

चाकणच्या कारखान्यांत एका ब्रॅकेटमधले चार ग्रॅम कमी करायला बैठकांवर बैठका होतात. गाडी हलकी तर मायलेज चांगलं, हे तिथल्या शिकाऊ पोरालाही पाठ. तिथलाच डिझाइन इंजिनिअर रविवारी निगडीहून लोहगडाला निघतो तेव्हा पाठीवर फुल-फ्रेम कॅमेरा, २४-७० आणि ७०-२०० या लेन्स, ट्रायपॉड आणि, सूर्यास्तासाठी म्हणे, फिल्टरांचा डबा. ७०-२०० एकटीच एक-दीड किलोची. गणेश दरवाज्यात धाप, महादरवाज्यात पाणी, आणि लेन्स बदलेपर्यंत धुकं काही थांबत नाही. विंचूकाट्याचा फोटो शेवटी मोबाइलवरच निघतो.

याउलट रिकोचा जीआर-३ हा कॅमेरा बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम. आत एपीएस-सी सेन्सर, म्हणजे बहुतेक डीएसएलआरमध्ये असतो त्याच मापाचा. झूम नाही, ते काम पायांनी करायचं. मावळातल्या पावसाचं मात्र त्याला वावडं, प्लॅस्टिकची पिशवी हवीच.

पण त्याचा खरा दोष वेगळाच. तो खिशात मावतो, म्हणजे गळ्यात दिसत नाही. मग लोहगडवाडीत चहा पिताना "सर, प्री-वेडिंगचं काय घेता?" असं विचारणार कोण?